राजगृह ते राजगृह : वास्तुसेवेची परंपरा

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकाच्या नावातही गावापुढे नरसिंहाचे नाव जोडलेले आढळते. पाली ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्याच्या मनात मात्र हे ग्रामनाम ऐकताच दुसराच एक शब्द जागा होतो. पालीत ‘पोक्खरणी’ म्हणजे पुष्करिणी, कमळांचे तळे. नावाच्या व्युत्पत्तीचा वाद येथे घालावयाचा नाही; परंतु विनयपिटकातील पोक्खरणीचा एक प्रसंग प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. त्याकडे लेखाच्या अखेरीस यावयाचे आहे.

देवस्थान म्हटले की त्याची व्यवस्था आलीच. पुजारी, मानकरी, विश्वस्त, दिवाबत्तीसाठी इनाम जमिनी, यात्रेची वर्गणी अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली यंत्रणा आपल्याकडील लहानमोठ्या देवळांच्या पाठीशी उभी असते. तेथे कोणी झाडायचे, कोणी दिवा लावायचे, हा प्रश्न नव्याने पडत नाही. तो वंशपरंपरेने सुटलेला असतो. याउलट मराठवाड्यातील हजारो उपासक-उपासिका ६ डिसेंबरच्या सुमारास मनमाडमार्गे रात्रभर प्रवास करून मुंबईस पोहोचतात, चैत्यभूमीवर नतमस्तक होतात आणि तेथून दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या वास्तूचे दर्शन घेऊन परततात. त्या वास्तूसमोर हात जोडणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात हा प्रश्न येत असेल की, उरलेले तीनशे चौसष्ट दिवस अशा वास्तूंची झाडलोट कोण करते? तेथील छायाचित्रांना बुरशी लागू नये म्हणून कोण जपते? आपल्या ऐतिहासिक घरांना मानकरी नाहीत, इनामे नाहीत, वंशपरंपरागत राखणदारही नाहीत. ती टिकली तर स्वेच्छेने पुढे आलेल्या हातांमुळे टिकतात आणि ते हात नसले की नष्ट होतात. हे विधान भावनेच्या भरात केलेले नसून इतिहासाने सिद्ध झालेले आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्राचीन राजगृहातील सेनासन

बौद्ध परंपरेत निवासस्थानाच्या सेवेचा आरंभ मगधाची राजधानी राजगृह येथेच होतो. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात तो वृत्तांत येतो. आरंभीचे भिक्षू अरण्यात, वृक्षातळी, डोंगरकपारीत, स्मशानात राहत. प्रातःकाळी तेथून परतणाऱ्या भिक्षूंना राजगृहाच्या एका श्रेष्ठीने पाहिले आणि विहार बांधून दिल्यास आपण त्यात राहाल काय, असे विचारले. भिक्षूंनी तथागतांची अनुज्ञा घेतली. श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले व ते भगवंतांच्या सांगण्यावरून ‘आलेल्या व अद्याप न आलेल्या चारी दिशांच्या संघास’ अर्पण केले.

या अर्पणविधीतील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. जे अद्याप आलेले नाहीत, त्यांचाही त्या वास्तूवर हक्क आहे. आज जो तेथे राहतो तो मालक नव्हे. तो पुढे येणाऱ्यांच्या वतीने तिचा सांभाळ करणारा आहे. याच खंधकात पुढे असा नियम येतो की, आराम, विहार, मंच-पीठ इत्यादी संघाच्या पाच प्रकारच्या वस्तू कोणालाही देऊन टाकता येत नाहीत. एका भिक्षूला नाही, गणाला नाही, प्रत्यक्ष संघालाही नाही. सार्वजनिक वारशाची याहून काटेकोर व्याख्या आधुनिक कायद्यातही क्वचित आढळेल.

वास्तू उभी राहिली म्हणजे सांभाळ आला. वत्तक्खंधकात सेनासनवत्त, म्हणजे निवासस्थानाविषयीचे कर्तव्य, तपशीलवार सांगितले आहे. विहार अस्वच्छ दिसल्यास प्रथम पात्र-चीवर बाहेर काढून ठेवावे, मग आसने, अंथरुणे, मंच बाहेर न्यावेत. नेताना ते दाराच्या चौकटीला घासू वा आपटू नयेत. कोळिष्टके आधी वरून, छतापासून काढावीत. खिडक्या व कोपरे पुसावेत. गेरूने रंगविलेली भिंत डागाळली असेल तर फडके भिजवून, पिळून मगच फिरवावे. जमीन झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडून विहार मळणार नाही. पूर्वेकडून धुळीचा वारा येत असेल तर पूर्वेच्या खिडक्या लावाव्यात, पश्चिमेकडून येत असेल तर पश्चिमेच्या. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघडाव्यात व रात्री लावाव्यात. उन्हाळ्यात दिवसा लावाव्यात व रात्री उघडाव्यात. वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या आजच्या जाणकारासही यात दुरुस्ती सुचविण्यासारखे फारसे सापडणार नाही. धूळ, आर्द्रता, उष्णता आणि हाताळणीतील निष्काळजीपणा हेच जुन्या वस्तूंचे शत्रू होत, हे सूत्र विनयकारांनी अचूक ओळखले होते.

ही सेवा कोणी करावी? येथे दब्ब मल्लपुत्त या स्थविराचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. सातव्या वर्षी अर्हत्पद प्राप्त झालेल्या दब्बाने राजगृहाच्या वेळुवनात असताना विचार केला की, आपले करावयाचे ते करून झाले आहे. आता संघाची कोणती सेवा करावी? निवासस्थाने नेमून देणे व भोजनाची वाटणी करणे हे काम त्याने स्वतः होऊन मागितले. यानंतरची पद्धत महत्त्वाची आहे. भगवंतांनी प्रथम दब्बाची संमती घेण्यास सांगितले आणि मग संघासमोर ठराव मांडून त्याची रीतसर नियुक्ती करावयास लावली. अशा कामांवर नेमावयाच्या भिक्षूच्या अंगी पाच गुण असावेत, असा दंडक आहे : तो पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वागणारा नसावा आणि आपले काम जाणणारा असावा. रात्री उशिरा येणाऱ्या भिक्षूंनाही दब्ब दूरदूरची निवासस्थाने दाखवीत असे. मंच कोठे, पाणी कोठे, आत-बाहेर जाण्याची वेळ कोणती, हे समजावून सांगत असे. एवढे करूनही त्याच्यावर खोटा आळ आला. वाईट निवासस्थान व निकृष्ट भोजन वाट्याला आल्याने रुष्ट झालेल्या भिक्षूंनी तो रचला होता. संघाने चौकशी करून त्यास निर्दोष ठरविले. सार्वजनिक सेवेत निंदा वाट्याला येते, हा अनुभव अडीच हजार वर्षांचा आहे.

राजगृहाशी निगडित आणखी एक घटना या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर महाकाश्यपांच्या नेतृत्वाखाली पाचशे स्थविर प्रथम संगीतीसाठी राजगृही जमले. धम्म व विनय यांचे संगायन हे त्यांचे मुख्य कार्य. परंतु वर्षावासाचा पहिला महिना त्यांनी कशात घालविला? पडक्या-मोडक्या विहारांच्या डागडुजीत! चुल्लवग्ग सांगतो की, भगवंतांनी जीर्णोद्धाराची प्रशंसा केली आहे, म्हणून पहिला महिना दुरुस्तीस द्यावा आणि मधल्या महिन्यात संगायन करावे, असे स्थविरांनी ठरविले. अट्ठकथेत याचे कारणही दिले आहे. राजगृहाभोवतीचे अठरा महाविहार त्या काळी उपेक्षेने जीर्ण झाले होते. शास्ता हयात असेपर्यंतच श्रमण गौतमाच्या शिष्यांनी विहार सांभाळले, तो गेल्यावर टाकून दिले, असा आरोप करण्यास अन्य मतवाद्यांना वाव मिळू नये, ही स्थविरांची चिंता होती.

वाचक हो, ही चिंता आपल्यालाही लागू पडत नाही काय?

वेठ आणि सेवा

येथे एक आक्षेप विचारात घेणे अगत्याचे आहे. ज्या समाजाच्या पूर्वजांनी शतकानुशतके मोबदल्याविना राबणूक सोसली, त्याच समाजाला पुन्हा विनामोबदला कामाचा उपदेश करावा काय? महार वतनाचा इतिहास विसरण्यासारखा नाही. गावकामगार म्हणून निरोप पोहोचविणे, सरकारी कामगारांची सरबराई करणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे जन्माने ठरलेली होती. नकार देण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागावयाचे बलुते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते ही गुलामी मोडण्यासाठीच. मुंबई राज्यात कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. निजामी अंमलाखालील मराठवाड्यातही बेगारीचा जाच होताच. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार, बिगार व तत्सम सक्तीचे श्रम यांस मनाई केली.

म्हणूनच वेठ आणि सेवा यांतील भेद स्पष्ट असला पाहिजे. वेठीत काम जन्माने ठरते, सेवेत ते मनाने निवडले जाते. वेठीत नकाराचा हक्क नसतो. सेवेत संमती आधी घ्यावी लागते, दब्बाचीही घ्यावी लागली. वेठीचे फळ मालकाला मिळते, सेवेचे फळ ‘आलेल्या व न आलेल्या’ सर्वांना मिळते. पाली परंपरेत दहा पुण्यक्रियांमध्ये ‘वेय्यावच्च’ म्हणजे इतरांच्या उपयोगी पडणारी सेवा गणली आहे, ती याच अर्थाने. यातून व्यवहाराचाही एक धडा निघतो. ज्याच्या पोटाची सोय नाही अशा तरुणाला ‘समाजकार्य’ म्हणून पूर्णवेळ फुकट राबविणे ही सेवा नसून वेठीचे नवे रूप होय. नित्याची राखण पगारी असावी. स्वयंसेवकाने आपल्या फावल्या वेळातून, आपल्या कुवतीप्रमाणे द्यावे.

दादरचे राजगृह

आता आधुनिक राजगृहाकडे वळू. परळच्या पोयबावडी भागातील बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब अनेक वर्षे दोन लहान खोल्यांत राहिले. ग्रंथांची संख्या वाढत चालली होती. अभ्यासाला जागा नव्हती. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधावयास घेतले आणि १९३३ च्या सुमारास ते पूर्ण झाले. या घराची कल्पनाच मुळी ग्रंथांच्या निवासासाठी झाली होती. माणसांचा विचार त्यानंतर आला, असे म्हटले तरी चालेल. नाव दिले ‘राजगृह’. धर्मांतराच्या येवल्यातील घोषणेला (१३ ऑक्टोबर १९३५) अद्याप अवकाश होता. परंतु बुद्धकालीन नगरीचे नाव घरावर तेव्हाच कोरले गेले होते. त्याच सुमारास बांधलेली ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत १९४१ मध्ये विकली गेली. राजगृह मात्र राहिले.

या वास्तूने सुखापेक्षा दुःखच अधिक पाहिले. २७ मे १९३५ रोजी माता रमाई येथेच निवर्तल्या. चाळीतील दारिद्र्यात ज्यांनी संसार ओढला, त्यांना नव्या घरात फार थोडा काळ लाभला. पुढे बाबासाहेबांचे वास्तव्य बव्हंशी दिल्लीत राहिले. ७ डिसेंबर १९५६ च्या पहाटे त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईस आले व याच घरी अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. येथूनच निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीवर पोहोचली. म्हणून चैत्यभूमी आणि राजगृह ही एकाच यात्रेची दोन टोके आहेत. लोक आज ज्या दिशेने जातात, तिच्या उलट दिशेने ती यात्रा गेली होती.

राजगृहातील ग्रंथांचा मोठा भाग १९४६ साली स्थापन झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे गेला. घराच्या तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू व छायाचित्रे पाहावयास मिळतात; वरच्या भागात कुटुंबीयांचे वास्तव्य राहिले. राहते घर आणि स्मारक अशी दुहेरी भूमिका या वास्तूस पार पाडावी लागते, आणि हीच तिची अडचण आहे. वस्तुसंग्रहालयास कुलूप लावता येते, राहत्या घराला लावता येत नाही. पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवावे, तर सुरक्षेचा प्रश्न. बंद ठेवावे, तर दुरून आलेल्यांची निराशा. ७ जुलै २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, राजगृहाच्या आवारात नासधूस झाली. कुंड्या फोडण्यात आल्या, खिडक्यांवर दगड मारण्यात आले, टेहळणीच्या कॅमेऱ्याचे नुकसान झाले. राज्यभर संतापाची लाट उसळली. कुटुंबीयांनी शांततेचे आवाहन केले आणि समाजाने ते पाळले. फुटलेल्या काचेचा निषेध गावोगावी झाला, तो रास्तच होता. परंतु वाळवी दगड मारून येत नाही आणि दमट हवेच्या निषेधार्थ मोर्चा काढता येत नाही. जे नुकसान आवाज न करता होते, त्याच्याशी लढण्यासाठी निराळ्या प्रकारचे सैनिक लागतात.

अलीपूर रोडची शिकवण

असे सैनिक वेळेवर उभे राहिले नाहीत तर काय होते, हे दिल्लीतील २६, अलीपूर रोड या घराच्या कहाणीतून कळते.

सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेबांनी सरकारी निवासस्थान सोडले आणि सिरोही संस्थानच्या राजाच्या मालकीच्या या बंगल्यात ते राहावयास आले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन बव्हंशी येथे झाले. त्या लेखनामागे एका स्वयंसेवकाचे श्रम आहेत. नानकचंद रत्तू हे पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातील तरुण दिल्लीत सरकारी नोकरीत होते. दिवसभराची नोकरी आटोपून ते सायंकाळी बाबासाहेबांकडे येत आणि रात्री उशिरापर्यंत हस्तलिखितांचे टंकलेखन, पत्रव्यवहार, पुस्तकांची मांडामांड अशी कामे करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ते तेथे होते. ६ डिसेंबरच्या सकाळी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्याचे उघडकीस आले. त्यांचा तो ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला.

यानंतरची दहा वर्षे ते घर ऐतिहासिक आहे याची जाणीव समाजाला होती. परंतु ते राखण्याची यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. माईसाहेब तेथील काही खोल्यांत भाडेकरू म्हणून राहत होत्या. घराची मालकी बदलली. १९६७ च्या जानेवारीत, माईसाहेब दिल्लीबाहेर असताना, त्यांच्या खोल्या रिकाम्या करण्यात आल्या. सामान आणि कागदपत्रे उघड्या आवारात येऊन पडली. त्यावर पाऊस झाला. बाबासाहेबांच्या हातचे किती कागद त्या पावसात गेले, याचा हिशेब कोणालाही देता आलेला नाही. त्या काळी समाजाची शक्ती थोडी नव्हती. १९६४ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभर असंख्य लोक तुरुंगात गेले होते. तुरुंगात जाण्यास सिद्ध असलेली माणसे होती, पण कागदावर ताडपत्री घालणारा माणूस त्या क्षणी तेथे नव्हता.

वाचलेले कागद न्यायालयीन ताब्यातून कालांतराने महाराष्ट्र शासनाकडे आले. १९७६ साली शासनाने बाबासाहेबांच्या वाङ्‌मयाच्या प्रकाशनासाठी समिती नेमली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रसिद्ध झाला. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ व ‘हिंदू धर्मातील कूटप्रश्न’ ही अप्रकाशित लेखने १९८७ मध्ये वाचकांच्या हाती पडली. त्यांतील कित्येक प्रकरणे अपुरी आहेत. ती अपुरी प्रकरणे चाळताना अलीपूर रोडवरील त्या पावसाची आठवण होते आणि मन विषण्ण होते.

घराचे पुढे काय झाले? दीर्घकाळच्या मागणीनंतर ती जागा शासनाच्या ताब्यात आली. १३ एप्रिल २०१८ रोजी तेथे पुस्तकाच्या आकाराचे भव्य राष्ट्रीय स्मारक खुले झाले. स्मारक प्रेक्षणीय आहे. परंतु ज्या छताखाली बाबासाहेबांनी अखेरचा श्वास घेतला, ते मूळ घर आता नाही.

याच कहाणीची दुसरी बाजू आशादायक आहे. रत्तू यांनी बाबासाहेबांचे कपडे, लेखनसाहित्य, टंकयंत्र अशा वस्तू जपून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी नागपूरच्या वामनराव गोडबोले यांच्या हाती सोपविल्या. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या व्यवस्थेची धुरा वाहिलेले हेच ते गोडबोले. नागपूरजवळील चिचोली येथील शांतिवनात या वस्तू ठेवण्यात आल्या. एका कारकुनाने जपले आणि एका कार्यकर्त्याने सांभाळले, म्हणून आज आपली मुले तो कोट व ते टंकयंत्र पाहू शकतात. बंगला गेला, पण वस्तू राहिल्या. दोहोंत फरक एवढाच की वस्तूंना राखणारे हात मिळाले होते.

सातासमुद्रापलीकडील एक उदाहरण

आपल्यासारख्याच एका पीडित समाजाने हे काम कसे केले, ते पाहणे बोधप्रद ठरेल. बाबासाहेबांना अमेरिकेतील निग्रो बांधवांच्या लढ्याविषयी आस्था होती. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. त्या समाजाचे एकोणिसाव्या शतकातील थोर नेते फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरीत जन्मले व तीतून निसटून मुक्त झाले. १८७७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन शहरात ‘सीडर हिल’ हे घर विकत घेतले. कृष्णवर्णीयांना जागा विकू नये असा दंडक ज्या वसाहतीत होता, त्याच वसाहतीच्या निर्मात्याचे ते घर. १८९५ मध्ये डग्लस वारले. मृत्युपत्रातील त्रुटीमुळे घरात वारसांचे हिस्से निघाले. तेव्हा त्यांच्या पत्नी हेलन यांनी कर्ज काढून ते हिस्से विकत घेतले आणि घर स्मारक म्हणून राखण्याचा ध्यास घेतला. १९०३ मध्ये त्याही वारल्या. कर्ज मात्र फिटले नव्हते.

१९१६ मध्ये कृष्णवर्णीय महिलांच्या राष्ट्रीय संघटनेने हे काम हाती घेतले. मेरी टॅलबर्ट यांच्या नेतृत्वाखाली ठिकठिकाणच्या महिला मंडळांनी वर्गणी जमविली. त्यांत शिक्षिका होत्या, तशाच कष्टकरी स्त्रियाही होत्या. दोन वर्षांत कर्ज फिटले, घराची दुरुस्ती झाली आणि १९२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. पुढे चाळीस वर्षे या महिलांनी ते सांभाळले व १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या स्वाधीन केले. शासन आले ते शेवटी. घर शासनाच्या हाती जाईपर्यंत टिकवून धरले ते स्त्रियांनी. आपल्या विहारांतील महिला मंडळांनी हे उदाहरण मुद्दाम वाचावे.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घराची कथाही काहीशी अशीच. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब विद्यार्थी म्हणून तेथे राहत होते. घर विक्रीस निघाल्याचे तेथील आंबेडकरी संघटनांनी वेळीच हेरले, पाठपुरावा केला आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते खरेदी केले. वापरबदलाच्या परवानगीवरून स्थानिक नगरपरिषदेशी वाद उद्‌भवला; मार्च २०२० मध्ये स्मारकास परवानगी मिळाली. पैसा शासनाचा होता, पण जागा हेरणारी नजर स्वयंसेवकांची होती.

आपण काय करू शकतो?

हे सर्व वाचून पोखर्णीच्या वा कोणत्याही गावच्या उपासकाला वाटेल की, राजगृह व लंडन आपल्यापासून दूर आहेत. आपण काय करणार? उत्तर असे की, प्रत्येक गावात एक लहानसे राजगृह आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेला जाऊन आलेल्या आजोबांचे घर, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या बैठका जेथे भरत ते माळवदाचे खोलीवजा घर, रात्रशाळा चाललेली ओसरी, नामांतराच्या लढ्यातील पत्रके ज्या लोखंडी पेटीत पडून आहेत ती पेटी. हा सारा इतिहासच आहे. ती पिढी आता जवळजवळ संपली. माळवद गळू लागले की नातवंडे सिमेंटचे घर बांधतात. त्यात गैर काहीच नाही. पेटीतील कागद मात्र त्याच वेळी रद्दीत जातात.

यासाठी विहारातील चार तरुण पुरेसे आहेत. पुढील गोष्टी करण्यास फार खर्चही नाही.

एक, नोंदवही ठेवावी. कोणती वस्तू, कोणाची, कोणी दिली, केव्हा दिली आणि तिच्याविषयी घरच्यांनी काय सांगितले, हे लिहावे. नोंद नसलेला कोट हा केवळ जुना कोट असतो.

दोन, मूळ छायाचित्र वंदनेसाठी भिंतीवर लावू नये. मेणबत्तीचा धूर, अगरबत्तीची काजळी, हारांचा ओलावा आणि ऊन यांनी ते काही वर्षांत विटते. भिंतीवर प्रत लावावी, मूळ पेटीत जपावे.

तीन, फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे सीलबंद करू नये. कागद कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर, आडवा ठेवावा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पेटी उघडून वाळवी आणि कसर यांची पाहणी करावी.

चार, जुने घर पाडण्याची वेळ आलीच तर आधी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मोजमापे लिहावीत आणि घरातील वयोवृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात.

पाच, काम वाटून द्यावे आणि ते संमतीने, ठराव करून द्यावे. ‘सर्वांचे काम’ म्हटले की ते कोणाचेच राहत नाही, हे ओळखूनच संघाने दब्बाची नियुक्ती केली होती.

मुंबईस वा नागपूरला जाणाऱ्यांनीही दर्शनाबरोबर आपली सेवा देऊ करावी. ६ डिसेंबरला समता सैनिक दलाचे स्वयंसेवक लक्षावधींच्या गर्दीला शिस्त लावतात. ती शिस्त वर्षाच्या इतर दिवसांतही वास्तूंच्या कामी यावी. ग्रंथसूची करणारा ग्रंथपाल, विजेच्या तारा तपासणारा तंत्रज्ञ, इंग्रजी व हिंदी पर्यटकांना माहिती सांगू शकणारी विद्यार्थिनी या सर्वांची अशा ठिकाणी गरज असते. मराठवाड्यातील वाचकांना तर दूर जावयासही नको. १ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्याची कोनशिला बसली, त्या मिलिंद महाविद्यालयाचा नागसेनवन परिसर तत्कालीन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आहे. तेथे शिकून मोठी झालेली पिढी गावोगावी आहे. वर्षातले चार दिवस त्या परिसराला देणे तिला जड जाऊ नये.

आरंभी उल्लेखिलेल्या पोक्खरणीकडे आता येऊ. चुल्लवग्गात एका उपासकाने भिक्षुसंघासाठी तळे बांधू इच्छिल्याचा उल्लेख आहे. तथागतांनी त्यास अनुज्ञा दिली. पुढे तळ्याचे काठ ढासळू लागले. तेव्हा विटांनी, दगडांनी वा लाकडांनी ते बांधून काढण्याची परवानगी दिली गेली. मग पाणी जुने होऊन शिळे झाले. तेव्हा नवे पाणी आत येण्यास एक वाट आणि जुने बाहेर जाण्यास दुसरी वाट करण्यास सांगितले गेले. तळे एकदा खोदून भागत नाही. काठ पुनःपुन्हा बांधावे लागतात आणि नवे पाणी येत राहावे लागते. आपल्या ऐतिहासिक वास्तूंचेही तसेच आहे. काठ बांधण्याचे काम जुन्या पिढीने जमेल तसे केले. नवे पाणी आणण्याचे काम तरुणांचे आहे. येत्या वर्षावासाचा पहिला महिना, राजगृहाच्या त्या पाचशे स्थविरांप्रमाणे, आपापल्या गावातील एका जुन्या वास्तूच्या वा एका जुन्या पेटीच्या डागडुजीस द्यावा, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं।